डब्लिनचा इंजिनकर्ता रिचर्ड मॅन्सेल

आयर्लंडमधील ग्रेट सदर्न अँड वेस्टर्न रेल्वेच्या ३४१ क्रमांकाच्या एक्स्प्रेस इंजिनाला स्वतःचा स्वतंत्र वर्ग लाभला, पण त्या वर्गात दुसरे इंजिन कधीच आले नाही. कंपनीचे अध्यक्ष सर विल्यम गोल्डिंग यांचे नाव धारण केलेले हे इंजिन १९१३ साली डब्लिनजवळच्या इंचिकोर कारखान्यातून बाहेर पडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे रचनाकार रिचर्ड मॅन्सेल इंग्लंडला निघून गेले.

मॅन्सेल यांचा जन्म २६ मे १८६८ रोजी डब्लिन परिसरातील रहेनी येथे झाला. वडील वकिली पेशातले. मुलानेही ट्रिनिटी कॉलेजात कायद्याचे शिक्षण घेतले. मात्र त्याच काळात इंचिकोरला एच. ए. आयव्हॅट यांच्या हाताखाली उमेदवारीही केली. पुढे हॉरिच कारखान्यात जॉन अ‍ॅस्पिनॉल यांच्याकडे शिक्षण पूर्ण झाले. १८९४ साली ते ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीत भारतात आले आणि बंगालमधील आसनसोल विभागात इंजिनांची व्यवस्था पाहू लागले. मुंबई-ठाणे लोहमार्गासाठी निवडलेली साडेपाच फुटांची रुंदी तिथेही होती. दोनच वर्षांत इंचिकोरचे वर्क्स मॅनेजर म्हणून ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्यासमोर पुन्हा सव्वापाच फुटांचे आयरिश रूळ होते.

१९११ मध्ये ते कंपनीचे लोकोमोटिव्ह सुपरिंटेंडेंट झाले. ३४१ हे ४-४-० चाकरचनेचे, सुपरहीटरचे इंजिन त्या अधिकारातून घडले. त्यांच्यानंतर आलेल्या वॉटसन यांनी १९१६ पासून चार सिलिंडरांची ४-६-० इंजिने आणली. ती इतकी तापदायक ठरली, की बरीचशी पुढे दोन सिलिंडरांची करावी लागली. ३४१ मात्र एकटेच राहिले आणि १९२८ साली मोडीत निघाले. त्याला चार-सहा भावंडे मिळाली असती, तर त्या मार्गाचा इतिहास कदाचित वेगळा लिहिला गेला असता.

इंग्लंडमध्ये अ‍ॅशफर्ड येथे मॅन्सेल यांनी स्विंडन आणि डर्बीहून जाणकार सहकारी गोळा केले. त्यांच्या चमूने १९१७ मध्ये २-६-० रचनेचे 'एन' वर्गाचे इंजिन साकारले. पहिल्या महायुद्धानंतर कामगारांना काम मिळावे म्हणून वुलिच शस्त्रागारात या इंजिनांचे सुटे भाग तयार झाले. त्यांतील काही संच आयर्लंडने विकत घेतले आणि सव्वापाच फुटांच्या रुळांना जुळवून १९२५ ते १९३० या काळात २६ इंजिने उभी केली. मायदेशासाठी स्वतः काढलेले इंजिन एकाकी राहिले. परदेशासाठी काढलेली मात्र ताफ्याने परत आली.

सगळेच यश नव्हते. १९२३ पासून मॅन्सेल सदर्न रेल्वेचे चीफ मेकॅनिकल इंजिनिअर होते. २४ ऑगस्ट १९२७ रोजी सेव्हनोक्सजवळ त्यांच्या 'रिव्हर' वर्गाचे टँक इंजिन घसरले आणि १३ जणांचा बळी गेला. हा सारा वर्ग ताबडतोब सेवेतून काढण्यात आला. नंतरच्या चाचण्यांत, उत्तम बांधणीच्या लोहमार्गावर हीच इंजिने वेगातही स्थिर धावल्याने सदर्नच्या रुळांवरही ठपका आला. तरीही पाण्याच्या टाक्या उतरवून, मागे टेंडर जोडूनच त्यांना पुन्हा कामावर घेतले गेले.

त्यानंतर १९३० मध्ये 'स्कूल्स' वर्ग आला. रचना पुन्हा ४-४-०! ३४१ची हीच चाकरचना मॅन्सेल यांनी पुन्हा वापरली होती. या वेळी एकूण ४० इंजिने झाली आणि त्या चाकरचनेत युरोपात त्यांच्याइतके बलवान इंजिन दुसरे नव्हते.

१९३७ साली मॅन्सेल निवृत्त झाले आणि ७ मार्च १९४४ रोजी अ‍ॅशफर्ड येथे निधन पावले. आयर्लंडमधील वुलिच इंजिने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत धावत राहिली. त्यांतील एकही जतन करण्यात आले नाही.