महादेव विश्वनाथ धुरंधर

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८ मार्च १८६७, कोल्हापूर – १ जून १९४४, मुंबई) हे वास्तववादी शैलीचे मराठी चित्रकार व कलाशिक्षक होते. पौराणिक व ऐतिहासिक प्रसंगचित्रांसाठी ते प्रसिद्ध असले, तरी मुंबईच्या नागरजीवनावरील त्यांची विनोदी जलरंगचित्रेही महत्त्वाची मानली जातात.

जीवन

धुरंधरांनी १८९० मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढे जे. जे. कलाशाळेतच शिक्षक होऊन ते १९३१ मध्ये निवृत्त झाले. ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ (१९४०) हे त्यांचे आत्मचरित्र होय. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर याही चित्रकार होत्या.

नागरजीवनाची चित्रे

विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची चित्रे पोस्टकार्डांवर छापली गेली. त्यांत थोरामोठ्यांऐवजी रस्त्यावरची माणसे दिसतात. नखरेल मोलकरीण हे त्यांतील एक उदाहरण. पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बाईवेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) या पुस्तकासाठीही त्यांनी चित्रे काढली. मोहरम, कसुंब्याचा अड्डा असे शहराच्या फुरसतीचे व करमणुकीचे विषय या पुस्तकात येतात. सनदी अधिकारी ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या पुस्तकातील रंगीत चित्रेही त्यांचीच आहेत.

अन्वयार्थ

या चित्रांतील विनोद चेहरा विद्रूप करून साधलेला नाही. उभे राहण्याची ढब, पदराची ठेवण, पागोट्याचा बाक आणि नजरेचा रोख यांवरून व्यक्तीचा तोरा किंवा संकोच कळतो. त्यामुळे त्यांना व्यंगचित्रापेक्षा सौम्य उपहासचित्र म्हणणे अधिक योग्य ठरते.

मात्र संदर्भ बदलला की अर्थही बदलतो. पोस्टकार्ड विकत घेणाऱ्या मुंबईकराला त्यात आपलाच शेजारी दिसू शकत होता. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पुस्तकात तीच व्यक्ती एखाद्या जातीचा किंवा धंद्याचा नमुना ठरे. म्हणून ही चित्रे तत्कालीन पोशाखाचा पुरावा म्हणून उपयुक्त असली, तरी त्यांवरून एखाद्या समाजाच्या स्वभावाबद्दल निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. चित्र कोणासाठी व कोणत्या मजकुरासोबत छापले गेले, हे आधी पाहावे लागते. धुरंधरांची माणसे नमुने म्हणून छापली गेली, तरी त्यांच्या हालचालींत व्यक्तित्व शिल्लक राहिले, हे त्यांच्या निरीक्षणाचे यश होय.