सिक्को मान्सहोल्ट : युरोपच्या शेतमालाला हमीभाव देणारा शेतकरी

उसाच्या एफआरपीवरून आणि साखर निर्यातीच्या अनुदानावरून ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने भारताला जागतिक व्यापार संघटनेत खेचलं. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल विरोधात गेला, भारताने अपील केलं. बेळगाव-कोल्हापूरच्या उसाचा दर असा थेट जिनिव्हात पोचतो. ज्या युरोपात हे भांडण आधीच मोठ्या प्रमाणावर होऊन गेलं, तिथल्या शेती धोरणाचा कर्ता स्वतः शेतकरी होता.

सिक्को मान्सहोल्ट यांचा जन्म १३ सप्टेंबर १९०८ चा, नेदरलँड्सच्या ग्रोनिंगन प्रांतातला. घर शेतकऱ्याचं, विचार समाजवादी. तरुणपणी जावा बेटावर चहाच्या मळ्यात नोकरी केली, पण वसाहतीचा कारभार पटेना म्हणून परतले. समुद्र हटवून काढलेल्या विरिंगरमेरच्या जमिनीत १९३७ पासून शेती सुरू केली. जर्मनांच्या ताब्याच्या काळात ते भूमिगत चळवळीत होते. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात देशात हजारो माणसं उपासमारीने मेली. त्यानंतर लगेच, १९४५ मध्ये, ३६ व्या वर्षी शेती आणि अन्न खातं त्यांच्याकडे आलं. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर ही भूक लक्षात ठेवायला हवी.

१९५८ मध्ये ते ब्रसेल्सला गेले. सहा देशांच्या शेतीचं एक धोरण करायचं काम त्यांच्याकडे होतं. बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालावर आकारणी, आतल्या मालाला ठरलेला भाव, उरलेला माल विकत घ्यायचा आणि निर्यातीला अनुदान द्यायचं, असा हिशेब होता. ३१ डिसेंबर १९६१ ची मुदत संपत आली तरी बोलणी अडलेलीच. तेव्हा घड्याळ थांबलं असं मानून बैठक चालू ठेवली आणि १४ जानेवारीला तोडगा निघाला! धान्याचा भाव जर्मनीत जास्त, फ्रान्समध्ये कमी. तो एक करायला डिसेंबर १९६४ उजाडलं.

दरम्यान अमेरिकेशी कोंबड्यांवरून जुंपली. युरोपच्या आकारणीने अमेरिकन कोंबडीची विक्री घसरली, तर अमेरिकेने लहान ट्रकवर २५ टक्के कर लावला. कोंबडीचा वाद कधीच मिटला, ट्रकवरचा कर मात्र राहिला.

कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर, खरेदीची हमी होती, पण किती खरेदी करायची याला मर्यादाच नव्हती. लोण्याचे साठे वाढत गेले. डिसेंबर १९६८ मध्ये मान्सहोल्ट यांनीच उपाय मांडला : सुमारे ५० लाख लोकांनी शेती सोडावी, ५० लाख हेक्टर जमीन लागवडीतून काढावी, उरलेल्यांची शेती मोठी व्हावी. कागदावर हिशेब बरोबर होता. पण बांधावरच्या माणसाला तो कसा पटणार? मार्च १९७१ मध्ये ब्रसेल्सच्या रस्त्यांवर शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा निघाला, त्यात एकाचा जीव गेला. १९७२ मध्ये त्या योजनेतला थोडासाच भाग अमलात आला.

त्याच वर्षी काही महिने ते आयोगाचे अध्यक्ष होते. वाढीच्या मर्यादांवरचा अहवाल वाचून त्यांचं मत पालटलं होतं; जास्त खत, जास्त औषध, जास्त पीक ही वाट चुकीची, असं ते उघड म्हणू लागले. स्वतःच घातलेल्या पायाबद्दल असं बोलणारे पुढारी थोडेच.

२९ जून १९९५ रोजी वाप्सरवेन गावी त्यांचं निधन झालं. शेतीच्या सबसिडीला मर्यादा घालणारा जागतिक व्यापार संघटनेचा करार त्याच वर्षी १ जानेवारीला लागू झाला होता.