गावाचे बळ

अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात डेबूजीचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात लवकरच निवर्तले. मग आई सखुबाई त्याला घेऊन दापुरे गावी माहेरी आली. शाळेचे तोंड डेबूजीने पाहिले नाही. गुरे राखणे आणि नांगर धरणे हेच त्याचे शिक्षण. पुढे मामांची उत्तम जमीन सावकाराने गिळली आणि त्या दुःखाने मामा खचून गेले. दारू, कर्ज आणि अज्ञान ही घराची व गावाची कशी धूळधाण करतात, हे त्याने अशा रीतीने स्वतःच्या घरातच पाहिले.

मुलीच्या बारशाला जातभाईंना मांस व दारू द्यावी, अशी त्या काळी रीत होती. डेबूजीने ती मोडली आणि सर्वांना गोडाचे जेवण वाढले. पुष्कळांना राग आला. पण तो डगमगला नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने घर सोडले. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हाती खराटा आणि जवळ मातीचे गाडगे! त्याच गाडग्यात तो मागून आणलेली भाकरी खाई व पाणी पिई. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरे. काठ चिखलाचा व निसरडा असल्यामुळे म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फार हाल होत. हे हाल सर्वांना दिसत होते, पण पुढे कोणी होत नव्हते. बाबांनी कोणाकडे तक्रार केली नाही. ते स्वतःच माती टाकून वाट नीट करू लागले. एकाला काम करताना पाहून दुसऱ्याचे हात पुढे आले. कालांतराने तेथे पक्का घाट उभा राहिला.

हीच बाबांची रीत होती. गावात शिरताच ते रस्ते झाडू लागत. परका माणूस आपला उकिरडा उपसतो आहे, हे पाहून गावकरी ओशाळत आणि खराटे घेऊन बाहेर पडत. शेजारी राहूनही एकमेकांशी न बोलणारी माणसे अशा वेळी एकत्र येत. रात्री त्याच स्वच्छ जागेवर कीर्तन होई. बाबा वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना साधेसाधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. कर्ज काढून सण करू नका, मुक्या प्राण्यांचा बळी देऊ नका, दारूला शिवू नका, शिवाशीव पाळू नका, पोटाला चिमटा घ्या पण मुलांना शाळेत घाला, हा त्या कीर्तनाचा बोध असे.

लोक श्रद्धेने पाया पडू लागले की बाबा रागावत. आपण कोणाचे गुरू नाही, असे ते बजावीत. पैसा आला तर तो लोकांच्याच कामी लावीत. अशा लोकवर्गणीतून नाशिक, पंढरपूर, आळंदी इत्यादी ठिकाणी धर्मशाळा बांधल्या गेल्या. पण त्यांवर त्यांनी आपल्या कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. पंढरपूरला अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना निवारा मिळत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ, प्रवासातच, त्यांचे देहावसान झाले. महाराष्ट्र शासनाने २०००–०१ मध्ये सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचेच नाव देण्यात आले.

बाबांनी बाहेरून धन आणून गावांना दिले नाही. गावात हात होते, माती होती, माणसे होती. पण ती एकमेकांपासून दूर होती. एका खराट्याने त्यांना जवळ आणले. आपले गाव आपणच सुधारू शकतो, हा विश्वास हेच गाडगेबाबांनी गावोगावी दिलेले खरे धन होय.