इगॉर सिकॉर्स्की : अधांतरी थांबणाऱ्या यंत्राचा जनक

विमानाला उतरायला धावपट्टी लागते आणि होडीला शांत पाणी. पेण-रोह्याच्या आमच्या मुलखात पावसाळ्यात ही दोन्ही मिळणे कठीण! एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. हेलिकॉप्टर म्हटले की आमच्या वाडीतल्या लोकांना निवडणुकीतले पुढारी आठवतात. परंतु ज्यांनी ते घडविले, त्या इगॉर सिकॉर्स्की यांना संकटात सापडलेल्याचे प्राण वाचविणे हेच त्या यंत्राचे सर्वांत मोठे काम वाटत असे.

सिकॉर्स्की यांचा जन्म 25 मे 1889 रोजी कीव्ह शहरात झाला. वडील मानसशास्त्राचे प्राध्यापक. लिओनार्डो दा विंचीच्या उडत्या यंत्रांच्या कल्पना लहानपणी आईने सांगितल्या. 1909 मध्ये, ऐन विशीत, त्यांनी पहिले हेलिकॉप्टर बांधले. ते उडालेच नाही. पुढच्या वर्षीचे दुसरे स्वतःचे वजन कसेबसे उचलू लागले, माणसाचे मात्र नाही. तेव्हा तो नाद बाजूला ठेवून ते विमानांकडे वळले आणि 1913 मध्ये त्यांनी चार इंजिनांचे विमान उडवून दाखविले.

रशियन राज्यक्रांतीनंतर सारे मागे टाकून 1919 साली ते न्यूयॉर्कला उतरले. मनाजोगे काम मिळेना. तेव्हा आपल्यासारख्याच रशियन निर्वासितांना ते रात्रीच्या वर्गात गणित शिकवू लागले. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. म्हणून त्यांच्या चरित्रातील हा भाग मला त्यांच्या साऱ्या विमानांपेक्षा जवळचा वाटतो. 1923 मध्ये देशबांधवांच्या मदतीने एका कोंबडीपालनाच्या जागेत त्यांनी कारखाना काढला.

अखेर 14 सप्टेंबर 1939 रोजी, वयाच्या पन्नाशीत, दोरांनी जमिनीला बांधलेले आपले नवे हेलिकॉप्टर त्यांनी स्वतः चालवून वर उचलले. डोक्यावर मोठा पंखा आणि यंत्र स्वतःभोवती गरगरू नये म्हणून शेपटीला लहान पंखा! आजची बहुतेक हेलिकॉप्टरे याच घडणीची आहेत.

29 नोव्हेंबर 1945 रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट किनाऱ्याजवळ वादळात एक तेलवाहू बार्ज खडकावर अडकली. सिकॉर्स्की यांच्या भाच्याने हेलिकॉप्टर तिच्यावर अधांतरी थांबविले आणि दोघांना तारेच्या दोराने वर ओढून घेण्यात आले. 26 ऑक्टोबर 1972 रोजी सिकॉर्स्की निवर्तले. पुढे 26 जुलै 2024 रोजी आपल्या अलिबागच्या समुद्रात अडकलेल्या बार्जवरील 14 जणांना तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने सुखरूप आणले. धरमतरच्या खाडीत रोज बार्ज पाहणाऱ्या आम्हांला त्या सुटकेचे मोल सांगायला नको.

तरीही जुलै 2023 मध्ये शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकले नाही. मदतीला गेलेली माणसे चिखल तुडवीत डोंगर चढली. म्हणजे सिकॉर्स्की यांचे काम अजून पुरे झालेले नाही. ते पुढे नेणारे कुणीतरी आज एखाद्या रात्रीच्या वर्गात गणिते सोडवीत असेल, अशी आशा वाटते.