नांगराचा फाळ, क्लच प्लेट आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

चित्रकार व्हायला घरातून निघालेल्या मुलाला रंगच नीट ओळखता येत नसतील तर? लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचं नेमकं हेच झालं. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी. घराणं लिहिण्या-वाचण्याचं, यंत्राशी कुणाचा दूरचाही संबंध नाही. १८८५ साली हा मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पाठीशी होता थोरला भाऊ रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा. काही काळाने लक्षात आलं की डोळ्यांना काही रंग एकसारखेच दिसतात. चित्रकला संपली!

पण काळ्या शाईच्या रेघेला रंगाची गरज नसते. लक्ष्मणराव मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (होय, आपल्यापैकी निम्म्यांचं सीईटीच्या वेळचं स्वप्न, तीच व्हीजेटीआय) ड्रॉइंगचे शिक्षक झाले. ते स्वतः इंजिनिअर नव्हते, डिग्री नव्हती. दिवसा शिकवायचं आणि उरलेल्या वेळात तिथली यंत्रं समजून घ्यायची, असा त्यांचा क्रम. शीट सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर जी धावपळ चालते ती पाहिली की मला हा माणूस आठवतो. आपण शीट ट्रेस करतो, ते यंत्र उघडून बघायचे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे आम्हाला जेम्स वॅट होता, स्टीफन्सन होता, किर्लोस्कर मात्र नव्हते. किर्लोस्कर म्हणजे आमच्या करकंबच्या विहिरीवरचा पंप, एवढीच ओळख. ते आडनाव एका माणसाचं आहे आणि त्या माणसाने सुरुवात सायकलच्या दुकानापासून केली, हे कळलं इंजिनिअरिंगला आल्यावर, लायब्ररीत.

सायकलची गोष्ट अशी. त्या काळी सायकल ही साहेबाची वस्तू, सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. लक्ष्मणरावांनी मुंबईत एक माणूस सायकलवरून जाताना पाहिला आणि डोक्यात चक्र सुरू झालं. मुंबईहून सायकली घ्यायच्या आणि बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायच्या. रामूअण्णा त्या विकायचे, लोकांना चालवायलाही शिकवायचे. आजही किर्लोस्कर उद्योगाचं वय मोजतात ते १८८८ पासून, म्हणजे या सायकलच्या धंद्यापासून. माझ्या मते यातला महत्त्वाचा भाग विक्री नव्हे, दुरुस्ती. बेळगावात सायकल मोडली तर उघडणार कोण? जो विकतो त्यालाच पाना हातात घ्यावा लागणार.

१८९७ मध्ये व्हीजेटीआयत बढतीची वेळ आली. जागा लक्ष्मणरावांना मिळायला हवी होती, ती मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण पगाराची कायमची नोकरी, घरची जबाबदारी, पुढे काय याची खात्री नाही... आज कॅम्पस ऑफर लेटर हातात असताना आपल्यापैकी किती जण असं उठून जातील?

बेळगावात आधी कडबा कापायचं यंत्र निघालं आणि मग १९०३ साली लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन चिरतो, पण माती उलटवत नाही. लोखंडी नांगराच्या वळलेल्या पात्यावरून ढेकूळ पालथं पडतं आणि हरळीची मुळं उन्हात येऊन वाळतात. आमच्या सोलापूरच्या काळ्या रानात हरळी म्हणजे काय दुखणं आहे ते शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको. तरीही नांगर कुणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली.

मला मात्र वाटतं की शेतकऱ्याची भीती नुसती अडाणीपणाची नव्हती. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार आहे. हा लोखंडी झिजला तर काय करायचं? फाळ तर झिजणारच, मातीत घासायचं हेच त्याचं काम. म्हणजे लोखंडी नांगर विकणं म्हणजे झिजलेल्या भागाच्या जागी नवा भाग पुरवण्याची हमी देणं.

हे मला पुस्तकात नाही, गेल्या मे महिन्यात करकंबला अंगणात कळलं. तात्यांची (माझे चुलते) शंभर सीसीची जुनी गाडी. रोज सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन डेअरीला न्यायचे. कॅन भरलेले असले की चढाला इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलेना. क्लच घसरत होता. एका मेकॅनिकने पूर्ण असेंब्लीच बदलायला सांगितली. आकडा ऐकून तात्या गप्प! उसाचं बिल अजून यायचं होतं आणि गाडी उभी राहिली तर दूध घरीच. शेवटी फक्त प्लेटा आणि पॅकिंग आणलं आणि लिंबाच्या झाडाखाली आम्हीच बसलो.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी केबलचा ताण बघायचा. केबलच जास्त ताणलेली असेल तरी क्लच घसरतो आणि मग काही उघडायची गरजच नाही. इंजिनात भलतंच ऑइल असलं तरी तेच होतं, कारण हा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि मोटारींच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. दोन्ही ठीक असेल तर ऑइल काढायचं, केबल सोडायची, किक काढायची, उजवीकडचं कव्हर उघडायचं. आत चार स्प्रिंगा दिसतात. त्यांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सोडायचे. एकच बोल्ट पूर्ण सोडला तर दाब एका बाजूला येतो. मग प्लेटा ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडायच्या. एक अस्तराची, एक लोखंडी, असा त्यांचा थर असतो. लोखंडी प्लेट निळी पडली असेल किंवा काचेवर ठेवल्यावर डुलत असेल तर तीही बदलायची. बाहेरच्या वाटीच्या दातांना खाचा पडल्यात का ते बोटाने चाचपायचं. नव्या प्लेटा आदल्या रात्रीच ऑइलमध्ये भिजवून ठेवायच्या, कोरड्या बसवल्या तर जळतात. जुनं पॅकिंग ब्लेडने अलगद खरवडून काढायचं. सगळं बसवून झाल्यावर लिव्हरच्या टोकाला साधारण दहा ते वीस मिलिमीटर ढिलाई ठेवायची.

मी व्हर्निअर नेला होता. जुनी प्लेट आणि नवी प्लेट शेजारी ठेवून मोजली. फरक डोळ्यांना दिसेल न दिसेल इतका आणि तेवढ्यासाठी गाडी चढाला उभी! टॉमच्या पेपरात आपण क्लचचं गणित सोडवताना नव्यासाठी सारखा दाब आणि वापरलेल्यासाठी सारखी झीज धरतो. कडेचा भाग जास्त वेगाने घासतो, म्हणून तो आधी झिजतो आणि दाब आत सरकतो. हे वाक्य मी चार मार्कांसाठी पाठ केलं होतं. अंगणात तात्यांना तेच मराठीत सांगायला गेले तेव्हा त्यांनी कोपऱ्यातल्या नांगराच्या झिजलेल्या फाळाकडे बोट दाखवलं. गिअर आणि शाफ्ट वाचावेत म्हणून प्लेट झिजते, नांगर वाचावा म्हणून फाळ झिजतो. दुसऱ्या दिवशी भरलेले कॅन घेऊन गाडी चढ चढली. असो.

पुन्हा लक्ष्मणरावांकडे. धंदा जरा रुळतोय तोवर बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. इथे मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. १० मार्च १९१० ला किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. जमीन म्हणजे निवडुंग आणि साप, प्यायला पाणी नाही. बरोबर रामूअण्णा, शंभोअण्णा जांभेकर आणि आणखी मोजकी मंडळी. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी तिथे राखणीचं काम दिलं आणि वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक घातला. १९१० च्या आसपासच्या महाराष्ट्रात हे करणं मला नांगराइतकंच अवघड वाटतं.

१९१४ चं महायुद्ध आलं आणि परदेशातून येणारं कच्चं लोखंड बंद झालं. भट्टी थंड पडायची वेळ. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरच्या निकामी तोफा देऊ केल्या. त्या वितळवून नांगर झाले!

पुढचं सगळ्यांना थोडंफार माहीत असतं. १९२० मध्ये लिमिटेड कंपनी, त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेलं 'किर्लोस्कर खबर', उसाचे चरक, १९२६ मध्ये पंप. त्याच वर्षी मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून परतला. बापाने डिग्रीशिवाय जे उभं केलं तिथे मुलगा डिग्री घेऊन आला. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी निघाली.

आणि मग १९४८. गांधीहत्येनंतरच्या दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ज्या माळावरून निवडुंग हाताने उपटला होता तिथे पुन्हा राख. जाळणाऱ्यांच्या घरी कदाचित याच कारखान्याचे नांगर असतील, हा विचार मला अजून सोडत नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला, भट्टी पुन्हा पेटली.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नाव आता किर्लोस्करवाडी आहे. पुण्याहून मिरजेला रेल्वेने जाणाऱ्यांनी खिडकीतून बघावं.