तुटलेले सांधणारा शल्यविशारद

सोळाव्या शतकातील युरोपात द्वंद्वयुद्धांत, लढायांत आणि शिक्षा म्हणूनही माणसाचे नाक वा कान छाटले जात. त्यासोबत अब्रूही जाई. अशा माणसांना पुन्हा चारचौघांत वावरता यावे, यासाठी ज्याने आपली विद्या वेचली तो शल्यविशारद म्हणजे इटलीतील बोलोन्या विद्यापीठाचा प्राध्यापक गास्पारे ताल्याकोत्सी.

त्याचा जन्म १५४५ साली बोलोन्यातच झाला. १५७० मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन तो तेथेच शल्यशास्त्र व शरीररचनाशास्त्र शिकवू लागला. त्वचेपासून अवयव घडविण्याची कल्पना मात्र त्याची नव्हे. तुटलेल्या कानाच्या पाळीसाठी गालाची त्वचा वापरावी, हे सुश्रुतसंहितेत फार पूर्वीच सांगितले होते. सिसिलीतील ब्रांका घराण्यालाही ही विद्या पंधराव्या शतकात अवगत होती. परंतु ती मोजक्या घराण्यांच्या हाती राहिली. ताल्याकोत्सीने १५९७ साली व्हेनिस येथे सचित्र लॅटिन ग्रंथ छापून ती सर्वांपुढे खुली केली.

त्याच्या पद्धतीचे मर्म सबुरीत होते. नाकासाठी लागणारी दंडावरील त्वचेची पट्टी तो एकदम कापून काढीत नसे. दोन्ही टोके जोडलेली ठेवून ती खालून सुटी करी व काही दिवस तशीच राहू देई. नंतर एक टोक सोडवून चेहऱ्यावर शिवी आणि हात डोक्याशी बांधून सुमारे तीन आठवडे ठेवी. नवी जागा त्वचेला पोसू लागली, की मगच दंडाशी असलेला दुवा तोडला जाई. कानासाठी तो कानामागचीच त्वचा घेई. हार्वेने रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला तो १६२८ साली. ताल्याकोत्सीचे निधन त्याआधीच, १५९९ मध्ये झाले होते. कारण ज्ञात नसतानाही त्याने निसर्गाची अट ओळखली होती.

पुढे युरोपात ही विद्या मागे पडली. पुण्याजवळ कपाळाच्या त्वचेपासून नाक घडविल्याचा वृत्तान्त १७९४ साली लंडनच्या एका नियतकालिकात आला, तेव्हा तेथील शल्यवैद्यांचे तिच्याकडे पुन्हा लक्ष गेले.

तुटलेला कान नुसत्या टाक्यांनी जगत नाही. धमनीतून रक्त आत यावे लागते, तसेच शिरेतून बाहेरही जावे लागते. अतिशय बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडून पूर्ण तुटलेला कान जगविल्याची नोंद ऑस्ट्रेलियातील शल्यवैद्यांनी १९८० साली केली. जोडण्याजोगी शीर मिळाली नाही, तर रक्त साचून कान काळानिळा पडतो. १९८५ साली बोस्टनमध्ये एका बालकाचा जोडलेला कान असाच धोक्यात आला, तेव्हा जळवा लावून तो वाचविण्यात आला. जळू साचलेले रक्त शोषते आणि तिच्या लाळेमुळे ते गोठत नाही. तेवढ्या दिवसांत नव्या सूक्ष्म शिरा फुटतात.

ताल्याकोत्सीपाशी ना सूक्ष्मदर्शक होता, ना भूल देण्याचे औषध. तरीही जोडलेला भाग स्वतःच्या बळावर जगू लागेपर्यंत त्याला रक्ताचा आधार द्यावा लागतो, हा त्याचा धडा आजच्या शस्त्रक्रियागृहातही तितकाच लागू आहे.