टेंभूचे आगरकर : जिवंतपणी ज्यांची अंत्ययात्रा निघाली, तरी लेखणी थांबली नाही

टेंभू म्हटलं की आज आपल्याला आठवते ती उपसा सिंचन योजना. कृष्णेचं पाणी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी, सांगोल्यापर्यंत नेणारी. पण कराड तालुक्यातल्या याच टेंभू गावानं पाण्याच्या किती तरी आधी महाराष्ट्राला एक माणूस दिला. त्याचं नाव गोपाळ गणेश आगरकर. शाळेच्या पुस्तकात समाजसुधारक म्हणून एका ओळीत त्यांचं नाव येतं आणि पुढचा धडा सुरू होतो. पण हा माणूस मुळात वर्तमानपत्रात मत मांडणारा लेखक होता, आणि मत मांडायची किंमत त्यानं रोख मोजली.

१४ जुलै १८५६ रोजी टेंभूत त्यांचा जन्म झाला. घर ब्राह्मणाचं, पण दारिद्र्य पाचवीला पुजलेलं. शिक्षणासाठी कराडला आजोळी राहावं लागलं. पुढं शिकायची सोय नव्हती म्हणून पोरवयातच कचेरीत उमेदवारी केली. शिकायचंच या हट्टानं रत्नागिरीला गेले, तेही पायी. तिथं माधुकरी मागून दिवस काढले, पण जमेना म्हणून परत आले. कराडच्या दवाखान्यात औषधं कालवून देण्याचं काम केलं. शेवटी नातेवाइकांच्या आधारानं थेट वऱ्हाडात अकोला गाठलं. तिथं विष्णू मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक भेटले आणि १८७५ मध्ये ते मॅट्रिक झाले.

एकच सदरा, पण नोकरी नको

पुढं पुण्यात डेक्कन कॉलेज. अंगात घालायला एकच सदरा होता. रात्री तो धुवायचा, वाळवायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. बक्षिसं मिळवून, वर्तमानपत्रांत लिहून ते फीचे पैसे उभे करत. अशा परिस्थितीत ते बी. ए. झाले आणि मग एम. ए. झाले.

त्या काळात एम. ए. झालेला माणूस म्हणजे सरकारी नोकरी, मोठा पगार, घोडागाडी. घरच्यांनी तीच आशा धरली होती. पण आगरकरांनी आईला पत्र लिहून आधीच सांगून टाकलं, की मुलगा मोठ्या परीक्षा देतोय म्हणून मोठ्या पगाराची स्वप्नं पाहू नकोस. पोटापुरतं मिळालं की बस्स, बाकीचा वेळ लोकांच्या कामाला देणार आहे. हातातोंडाची गाठ पडायची मारामार असलेल्या घरात असं पत्र लिहायला काय काळीज लागलं असेल, ते गावाकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

कॉलेजातच त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी गट्टी जमली. देशासाठी काय करायचं, यावर दोघांच्या रात्र रात्र चर्चा चालायच्या. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं, त्यात परीक्षा आटोपून आगरकरही सामील झाले. १८८१ च्या जानेवारीत दोन वर्तमानपत्रं निघाली, इंग्रजीत ‘मराठा’ आणि मराठीत ‘केसरी’. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर. आज अनेकांना ‘केसरी’ म्हटलं की फक्त टिळकच आठवतात, पण पहिली सहा-सात वर्षं ‘केसरी’ची सूत्रं टेंभूच्या या माणसाच्या हाती होती.

१०१ दिवस डोंगरीत

दीडच वर्षात तुरुंगाची पाळी आली. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होतोय आणि त्यामागं संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असा आरोप दोन्ही वर्तमानपत्रांनी केला. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती खोटी निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी शिक्षा टळली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून ते ऑक्टोबरमध्ये सुटले. खटल्याच्या वेळी महात्मा फुले यांच्या सांगण्यावरून त्यांचे सत्यशोधक सहकारी रामशेठ उरवणे १० हजार रुपयांना जामीन राहिले होते. या तुरुंगवासावर आगरकरांनी पुढं पुस्तकही लिहिलं.

कोठडीत दोघा मित्रांचे वाद रंगायचे. आधी स्वराज्य की आधी समाजाची सुधारणा? टिळकांचं म्हणणं, परक्यांचं राज्य गेलं की घरातली घाण आपण आपली काढू. आगरकर म्हणत, घरातच माणसाला माणूस मानत नसू तर राज्य मिळून उपयोग काय. हाच वाद पुढं दोघांना वेगळं करणार होता.

बालविवाह, विधवांचं केशवपन, सोवळं-ओवळं, जातिभेद यांवर आगरकर लिहू लागले, तशी सहकाऱ्यांची कुरबुर वाढली. वर्तमानपत्र लोकांना सरकारविरुद्ध उभं करायला आहे, लोकांनाच दुखवायला नाही, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याच्या घरी नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला गाजला, तेव्हा आगरकर तिच्या बाजूनं आणि टिळक विरुद्ध बाजूला. शेवटी १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला. ज्या पत्रासाठी तुरुंग भोगला, त्यातच मनातलं लिहिता येईना, म्हणून ते बाहेर पडले.

स्वतःचं पत्र, स्वतःची जोखीम

१५ ऑक्टोबर १८८८ ला त्यांनी ‘सुधारक’ सुरू केलं. मराठी आणि इंग्रजी असं दोन्ही भाषांतलं हे साप्ताहिक. इंग्रजी बाजू सांभाळायला तरुण गोपाळ कृष्ण गोखले सोबत आले. आगरकर दिवसा कॉलेजात शिकवायचे आणि उरलेल्या वेळात लेख लिहायचे. दम्यानं छातीचा भाता झालेला, तरी दर आठवड्याला अंक.

त्यांची लिहायची पद्धत साधी होती. रूढी जुनी आहे म्हणून चांगली ठरत नाही आणि नवी आहे म्हणून वाईट ठरत नाही. ती बुद्धीला पटते का आणि तिनं माणसाचं भलं होतं का, एवढंच बघायचं. बायको मेली की पुरुष दुसरं लग्न करायला मोकळा, मग नवरा मेल्यावर बाईनंच का केस उतरवायचे, असं ते विचारत. मुलींना मुलांइतकंच आणि मुलांबरोबरच शिकवा, असं त्यांनी १३० वर्षांपूर्वी लिहिलं. बायकांनी जाकीट घालावं, हा विषयसुद्धा त्यांनी सोडला नाही. रूढीपुढं मान तुकवणारा समाज राजकारणातही गुलामच राहतो, हे त्यांनी ‘गुलामांचे राष्ट्र’ या लेखात मांडलं. म्हणजे सरकारचा राग त्यांनाही होता, पण वाचकांना खूश ठेवायला ते लिहीत नव्हते.

१८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. मुलीचं संमतीचं वय १० वरून १२ करणारा हा कायदा. टिळक म्हणाले, आमच्या घरात परक्या सरकारनं हात घालू नये. आगरकर कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. पोरींचे हाल होत असताना समाज कधी सुधारतो याची वाट बघायची नाही, ही त्यांची भूमिका. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्यात शब्दांचे असे वार झाले, की एकेकाळचे जिवलग मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले.

पुण्यातल्या सनातन्यांचा राग इतका गेला, की त्यांनी आगरकरांची प्रेतयात्रा काढली. माणूस घरात जिवंत आणि रस्त्यावरून त्याच्या नावाची तिरडी चाललेली. घरी बायको, लहान लेकरं. यशोदाबाई देवाधर्माचं करणाऱ्या, जुन्या वळणाच्या. त्यांच्यावर आगरकरांनी आपली मतं कधी लादली नाहीत. पण नवऱ्याच्या मतांचा ताप मात्र त्यांनाही सोसावा लागला. एवढं होऊनही पुढचा अंक निघाला, आणि त्यानंतरचाही निघाला.

उशाशी ठेवलेली पुडी

१८९२ मध्ये वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पद मोठं, पण घरची चणचण काही संपली नाही. दमा वाढतच गेला. १७ जून १८९५ रोजी ते गेले. वयाची ३९ वर्षंही पुरी झाली नव्हती. आपल्या मागं बायकोला कुणापुढं हात पसरायला लागू नये, म्हणून अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी आधीच पुडीत बांधून ठेवले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरच्या विधवांसाठी भांडलेल्या माणसानं आपल्या घरची काळजी अशी वाहिली.

‘केसरी’त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच. मतं जुळली नाहीत, पण गेलेला माणूस केवढा होता हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

आज मत मांडायला छापखाना लागत नाही. खिशातल्या मोबाइलवर दोन मिनिटांत मत गावभर जातं. ते बहुतेक वेळा आपल्याच गटातल्या माणसांना आवडेल असंच असतं. आगरकरांनी मात्र स्वतःच्या जातीला, मित्रांना आणि वाचकांना न आवडणारं सांगितलं, आणि तेही तोल न सोडता, कारणं देऊन.

टेंभूच्या आसपासच्या गावांत आज मुली सायकलवरून, एसटीनं शाळा-कॉलेजला जातात. त्यांच्या वर्गात मुलंही असतात. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. हेच लिहिलं म्हणून एका माणसाची जिवंतपणी तिरडी निघाली होती, एवढं त्या पोरींना घरात कुणीतरी सांगायला हवं.